गोळीत काय, पुडीत काय

भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय रसायनशास्त्र. घरात आई आणि मी दोघीच. वडील मी शाळेत असतानाच गेले होते, आणि थोरल्या बहिणीला औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूच्या एका गावात दिलं होतं. त्या पहाटे आमच्याकडे मांडणीवरची भांडी वाजली. आई म्हणाली, "मांजर असंल," आणि आम्ही पुन्हा झोपलो. त्या झोपेबद्दल आईनं पुढं स्वतःला कधी माफ केलं नाही. जणू आम्ही उठून बसलो असतो तर तिकडं काही वेगळं घडलं असतं.

बहीण आणि तिची सासू, दोघी गेल्या. दाजी एसटीत मेकॅनिक होते. लातूरच्या डेपोत ड्युटीवर होते म्हणून राहिले. दीड वर्षाची भाची कणगी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत सापडली. बाहेर काढलं तेव्हा ती रडत नव्हती, नुसती खोकत होती, असं काढणाऱ्यांनी सांगितलं.

आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो. तोवर करायचं काही उरलं नव्हतं. पाऊस लागला होता. दगडमातीचा एक ढीग दाखवून दाजी म्हणाले, "इथं चूल होती." मग दोन पावलं पुढं जाऊन, "इथं दार." एखाद्यानं नव्या बांधकामाची आखणी समजावून सांगावी तसं ते सांगत होते आणि मी मान हलवत होते. मला रडू आलं नाही. येईल म्हणून मी वाट बघितली, मग चपलेत गेलेला चिखल दगडाला पुसला.

आई पोरीला घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये थांबली. मी आठ-दहा दिवसांनी नांदेडला परतले आणि दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये गेले. तिथं काय बोलावं हे कुणाला कळत नव्हतं, म्हणून कुणी काही बोललं नाही. मला ते सोयीचं झालं. आमचे सर फक्त म्हणाले, "आलीस? बरं केलंस. हात कामात ठेव."

काम त्यांनी दोनच दिवसांत दिलं. भूकंपग्रस्तांच्या शिबिरात काम करणारा एक डॉक्टर त्यांच्या ओळखीचा होता. मदतीबरोबर कुठकुठून औषधं आली होती. खोकी पावसात भिजली, लेबलं गळाली, पट्ट्या फाटल्या, आणि सुट्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून शेडमध्ये फिरत होत्या. ज्याला जी हाताला लागेल ती तो घेत होता. डॉक्टरानं त्यातल्या जमतील तेवढ्या पिशव्या गोळा केल्या आणि सरांकडं पाठवल्या. सोबत चिठ्ठी होती. औषधं वापरायची नाहीत, फेकायचीच आहेत. पण लोकांनी आधीच काय काय खाल्लंय, ते कळलं तर बरं.

सरांनी पिशव्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाले, "टीएलसी लाव."

टीएलसी, म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, दिसायला अगदी साधी गोष्ट. काचेच्या पट्टीवर सिलिकाचा पातळ, पांढरा थर. खालच्या कडेच्या जरा वर पेन्सिलीची हलकी रेघ. गोळी कुटून तिचं द्रावण करायचं आणि केसाएवढ्या नळीनं त्याचा ठिपका रेघेवर ठेवायचा. शेजारी ओळखीच्या औषधाचा ठिपका. मग पट्टी झाकणाच्या बरणीत उभी करायची. तळाशी बोटाच्या पेरापेक्षा कमी द्रव असतो, तो थरातून वर चढत जातो आणि ठिपक्यांना आपल्यासोबत ओढत नेतो. कुणी लवकर दमतो, कुणी वरपर्यंत जातो. शेवटी आयोडीनच्या वाफेत पट्टी धरली की तपकिरी डाग उठतात, आणि कोण कुठं थांबला ते दिसतं.

तयार पट्ट्या आमच्याकडं नव्हत्या. त्या लॅबमधले चाचा करायचे. चाचा तिथले जुने लॅब अटेंडंट. त्यांचं घर नांदेडातल्याच चौफाळा भागात, अख्खं आयुष्य त्याच लॅबमध्ये गेलेलं. दोन काचा पाठीला पाठ लावून ते सिलिकाच्या पांढऱ्या घोळात बुडवायचे आणि एका दमात वर ओढायचे. काचा वेगळ्या केल्या की दोन्हींवर दुधाच्या सायीसारखा एकसारखा थर. माझ्या काचांवर लाटा उठायच्या.

"बेटी, डुबाव और निकाल," ते म्हणायचे. "बीच में सोचना नै. सोचलं की हात थांबतो, हात थांबला की थर जाड."

मी न विचार करता काचा बुडवायला शिकले. त्या दिवसांत मला ते फार लवकर जमलं.

पहिला डाग जुळला तेव्हा मी आनंदानं वहीत औषधाचं नाव लिहिलं. सरांनी पहिल्याच दिवशी ते नाव खोडलं. "डाग जुळला म्हणजे तोच पदार्थ, असं सिद्ध होत नाही. दोन माणसं एकाच स्टॉपला उतरली म्हणून ती एकाच घरची नसतात. नाही जुळला तर मात्र तो नाही, एवढं ठामपणे म्हण. जुळला तर द्रव बदल, पुन्हा लाव. तिथंही जुळला, तर 'बहुतेक' असं लिही."

मी 'बहुतेक' लिहू लागले. बहुतेक तापाची. बहुतेक पोटाची. एका पिशवीतल्या गोळ्या कशालाच जुळेनात, त्या शेवटी साध्या खडूसारख्या आम्लपित्ताच्या निघाल्या.

तिसऱ्या आठवड्यात आई पोरीला घेऊन नांदेडला आली. आल्या आल्या तिनं पदराची गाठ सोडून पांढऱ्या गोळ्यांचं पुडकं काढलं. मधोमध रेघ असलेल्या, बारक्या. "तिथं वाटत होते. डोस्कं दुखलं का घ्यायच्या. लई गुण हाय."

माझं डोकं तेव्हा रोज दुखायचं. मी सकाळी एक घेऊ लागले, संध्याकाळी एक. आई तर आधीपासूनच घेत होती. पोरगी किरकिर करायला लागली की आई अर्धी गोळी साखरेच्या पाण्यात विरघळवून तिलाही द्यायची. घर शांत झालं होतं. आई दुपारची झोपायची, पोरगी झोपायची, मी लॅबमधून येऊन झोपायची. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "सावरलात गं तुम्ही." मी हो म्हटलं.

एका पिशवीवर डॉक्टरानं मुद्दाम खूण केली होती. तिच्यातल्या पांढऱ्या गोळ्या मी सगळ्या नेहमीच्या औषधांशी लावून बघितल्या. तापाच्या गोळीशी डाग जुळला नाही. दुखण्याच्या कुठल्याच गोळीशी जुळला नाही. सरांनी डॉक्टरकडून मन शांत करायच्या, झोपेच्या दोन-तीन गोळ्या मागवल्या. त्यातल्या एकीच्या डागाच्या अगदी शेजारी हा डाग थांबला. द्रव बदलला, तरी तसाच.

सर पट्टी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. "आता कळलं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणत होता, काही शेडमध्ये लोक भलतेच गप्प आहेत. त्याला वाटलं धक्का आहे. धक्का असेलच. पण ह्याही गोळ्या आहेत."

मी टेबलावर सांडलेल्या गोळ्यांकडं बघत होते. पांढऱ्या गोळ्या सगळ्या सारख्याच दिसतात, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी घरून आईच्या पुडक्यातली एक गोळी रुमालात बांधून आणली. सरांना सांगितलं नाही. कुटली, विरघळवली, ठिपका ठेवला. बरणीवर झाकण ठेवून स्टुलावर बसले. द्रव वर चढत होता. मला भीती वाटायला हवी होती, पण तेव्हाही काही वाटत नव्हतं. पट्टी आयोडीनमध्ये धरली. तीन डाग एका ओळीत उठले. पिशवीतली गोळी, डॉक्टरची गोळी, आमची गोळी.

चाचा मागं उभे होते. त्यांनी विचारलं, "ये तिसरा कुणाचा?"

"घरचा," मी म्हणाले.

त्यांनीच सरांना बोलावून आणलं.

डॉक्टरानं पोरीला तपासलं. ती ठीक होती. तिची गोळी लगेच बंद झाली, आईची आणि माझी आठवड्याभरात कमी करत आणली. आईला मी समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मी इतके दिस झोपले ते त्यानं व्हय? लेक मेली आन् मी झोपून ऱ्हायले?" चार दिवसांनी ती रडायला लागली. मोठ्यानं, भिंतीला टेकून, बहिणीला नाव घेऊन हाका मारत. ती पुढं वर्षभर रडत होती. स्वयंपाक करता करता, दळण आणता आणता.

मला वाटलं, आता मलाही येईल. गोळ्या बंद होऊन आठवडा झाला, महिना झाला. लॅबमध्ये शेवटची पिशवी संपली, वही डॉक्टरला गेली, उरलेल्या गोळ्या खड्ड्यात पुरल्या गेल्या. मला काही आलं नाही. म्हणजे ते गोळ्यांचं नव्हतंच. माझंच होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं?

पुढची वर्षं भराभर सांगता येतील, कारण ती तशीच गेली. दाजींनी दुसरं लग्न केलं आणि नव्या वसवलेल्या गावात त्यांना घर मिळालं. सगळी घरं एकसारखी, त्यामुळे म्हातारी माणसं दुसऱ्याच्याच दारात जाऊन उभी राहायची. पोरगी आईकडंच वाढली. मी आधी नांदेडला शिकवलं, मग लातूरला नोकरी लागली, आणि तिथं क्लासेसचं वारं सुरू झालं तसं मलाही एका क्लासमध्ये बोलावणं आलं. लातूर बघता बघता बदललं. गल्लीगल्लीत हॉस्टेलं, डब्यांच्या मेस, चौकाचौकात गुणवंतांचे फोटो. चाकूर, रेणापूर, उदगीर, पार बीड-परभणीकडून आईबाप पोरं आणून सोडायचे आणि परतीच्या गाडीत बसून डोळे पुसायचे. मी गळ्याजवळ माईक लावून शंभर-सव्वाशे पोरांना केमिस्ट्री शिकवायची. लग्न केलं नाही. स्थळं आली, मी नको म्हटलं, आणि नको म्हणताना वाईटही वाटलं नाही.

भाची नववीत असताना आई गेली. पोरीला मी लातूरला आणलं. दुसरी खोली झाडून तिची कॉट लावली. ती फार बोलकी नव्हती. मला ते बरं होतं. दोघी एका घरात, आपापल्या पुस्तकात.

तिला लहानपणापासून दमा होता. दाजी म्हणायचे, "त्या दिवशीचा धुराळा बसलाय तिच्या छातीत." डॉक्टर तसं म्हणत नव्हते, पण दाजींना ते पटवणं अवघड होतं. डॉक्टरांनी तोंडात ओढायचा पंप दिला होता. अकरावीला ती मेडिकलच्या बॅचला बसली आणि दमा वाढला. दाजी भेटायला आले, त्यांनी तिला जिन्यात थांबून धापा टाकताना बघितलं.

पुढच्या खेपेला त्यांनी पुडी आणली. तपकिरी, बारीक पूड, कागदाच्या घड्यांत बांधलेली. जळकोटकडच्या रस्त्याला कुणी एक दवा देणारा बसायचा, लांबून लोक यायचे. "निव्वळ झाडपाला हाय. सुंठ, मिरी, पिंपळी, जेष्ठमध, हळद, आन् एक जंगलातली मुळी. मधात घ्यायची, दोन टाइम. पंपाची सवय लागती, मॅडम. पोरीच्या जातीला ते बरं न्हाई."

मी लातूरला आल्यापासून ते मला मॅडम म्हणायचे. मी पुडी हुंगली. सुंठीचा वास होता. म्हटलं, घेऊ दे.

गुण असा आला की बघत राहावं. आठ दिवसांत धाप गेली. पोरगी जिना पळत चढू लागली. तिची भूक वाढली, ती हसायला लागली, गुणगुणायला लागली. पहाटे उठून अभ्यासाला बसायची. चाचणीत नंबर वर गेला. पंप टेबलाच्या खणात पडला. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "मावशीचं अन्न अंगी लागलं." तिचा चेहरा भरला होता. मग जरा जास्तच भरला. हनुवटी गोल झाली, गालावर पुटकुळ्या आल्या. मी रोज तिच्यासमोर जेवायला बसत होते आणि हे सगळं बघत होते. बघणं आणि ध्यानात येणं यात माझ्याकडं तेव्हा फार अंतर होतं.

सात-आठ महिने गेले. बारावीच्या दिवाळीत दाजींना यायला तीन-चार दिवस उशीर झाला आणि पुड्या संपल्या. दुसऱ्या दिवशी पोरगी उठेना. अंग गळालेलं, उलट्या, उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी. मी तिला डॉक्टरकडं न्यायला रिक्षा बोलावली, तेवढ्यात दाजी दारात. त्यांनी लगोलग पुडी चाटवली. मी म्हटलं, जरा थांबू, मग नेऊ. संध्याकाळी ती उठून बसली आणि तिनं तीन भाकरी खाल्ल्या.

"बघा," दाजी म्हणाले, "काय गुण हाय!"

मी तिचं ताट उचलत होते. तिचा कुडता वर सरकला होता आणि कमरेवर जांभळट वळ दिसले, कुणी नखांनी ओढल्यासारखे. मी ताट मोरीत ठेवलं. सुंठ-मिरी खाऊन माणूस बरा होईल कदाचित, पण सुंठ-मिरी थांबवून कुणी असं पडत नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात यायला आठ महिने लागले होते.

त्या रविवारी सकाळी काही पुड्या पर्समध्ये टाकून मी नांदेडची गाडी धरली. सर तोवर विभागप्रमुख झाले होते, केस पांढरे झाले होते. चाचा निवृत्त झाले होते. पट्ट्या आता तयार यायच्या, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरच्या, कात्रीनं कापता येणाऱ्या. सरांनी सुट्टीच्या दिवशी लॅब उघडली आणि एवढंच विचारलं, "कशाशी लावायचंय?"

"स्टेरॉइडशी," मी म्हणाले. धाप झटकन बसवणारं आणि चेहरा फुगवणारं औषध मला तेच माहीत होतं.

येताना मी बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून पुडीवाल्यानं सांगितलेले, त्या जंगलातल्या मुळीखेरीज सगळे जिन्नस घेतले होते. ते कुटून एक पूड आमची केली, म्हणजे झाडपाल्याचे डाग कोणते ते कळावं. एक ठिपका आमच्या पुडीचा, एक दाजींच्या पुडीचा, दोन ठिपके दोन स्टेरॉइडांचे. सरांनी अजून एक ठिपका ठेवायला लावला, ज्यात दाजींची पुडी आणि स्टेरॉइड एकावर एक. "एकच असतील तर एकत्रच चालतील. वेगळे असतील तर वाटेत फुटतील."

बरणीत पट्टी उभी केली. मी स्टुलावर बसले. सर खिडकीशी पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते.

अतिनील किरणांच्या दिव्याखाली पट्टी धरली तेव्हा हळद पिवळी दिसली, मिरीचा डाग ओळखू आला, ज्येष्ठमध होता. पुडीवाला खोटं बोलला नव्हता, मुळीचं सोडलं तर त्यानं सांगितलेलं सगळं होतं. आणि दाजींच्या पुडीत एक डाग जास्तीचा होता, जो आमच्या पुडीत नव्हता. तो दुसऱ्या स्टेरॉइडच्या शेजारी जाऊन थांबला होता. एकावर एक ठेवलेला ठिपका फुटला नव्हता. द्रव बदलून पुन्हा लावलं. मग स्टेरॉइडला जांभळं करणारा फवारा मारला. झाडपाला तसाच राहिला आणि तो एक डाग हळूहळू जांभळा झाला. तिच्या कमरेवरच्या वळांच्या रंगाचा.

मी वहीत 'बहुतेक' लिहिलं. सर म्हणाले, "बहुतेकच. पण आज मी याच्यावर सही करीन."

मी पर्समधल्या पुड्या काढल्या, बेसिनकडं गेले. सरांचा आवाज चढला. माझ्यावर ते कधी ओरडले नव्हते. "फेकू नकोस! एकदम बंद केलीस तर पोरगी जाईल. तिच्या शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड तयार करणं सोडून दिलंय. ही पट्टी घे, ही पुडी घे आणि उद्या सकाळी डॉक्टरसमोर बस."

लातूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग आम्हाला समजावून सांगितलं. योग्य गोळी मोजून द्यायची आणि महिन्या-महिन्यानं कमी करत न्यायची. पंप पुन्हा सुरू. बारावीचा बोर्ड देता येईल, प्रवेश परीक्षेचं यंदा विसरा.

दाजी पुढच्या पुड्या घेऊन आले तेव्हा मी पट्टी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांना डाग दिसत होते, अर्थ लागत नव्हता. मी सांगत गेले. ते ऐकत होते, आणि ऐकता ऐकता शर्टाच्या खिशाशी चाळा करत होते. शेवटी त्यांनी खिशातून एक पुडी काढून टेबलावर ठेवली.

"ही माझी हाय," ते म्हणाले. "गुडघ्यासाठी. दोन सालापासून खातोय."

मी ती पुडी पट्टीशेजारी सरकवली.

"तिच्या आईला काढता आलं न्हाई मला," ते म्हणाले. "डेपोत होतो. पोरीचा तरी श्वास मोकळा करावा म्हणलं. म्या काय वाईट चिंतलं का, मॅडम?"

"न्हाई, दाजी."

"मंग असं का झालं?"

मी चहा टाकला. साखर घातली की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातली. चहा पाकासारखा झाला. दाजींनी तो पूर्ण प्यायला आणि बशी उपडी करून ठेवली. त्यांना मी त्याच डॉक्टरकडं नेलं. त्यांना पुडीतून सुटायला पोरीपेक्षा जास्त दिवस लागले, आणि त्या पुडीपायी एका खुब्याचं हाड कायमचं गेलं.

मी रीतसर तक्रार केली. अन्न-औषध खात्याची माणसं जळकोटच्या रस्त्याला गेली तेव्हा तिथं नुसतं छप्पर होतं. पुडीवाला उठून गेला होता. पुढं कळलं, दुसऱ्या रस्त्याला बसतो आणि रांग आधीपेक्षा मोठी असते. नक्की कुठं, ते कळलं नाही.

पोरीचे ते सहा महिने फार वाईट गेले. सांधे दुखायचे, झोप यायची, कशात मन लागेना. सूज उतरत उतरत चेहरा पुन्हा तिचा झाला, पण ती त्याकडं बघेना. प्रवेश परीक्षेच्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतून पोरं पाण्याच्या बाटल्या घेऊन रिक्षांत बसत होती. ती गॅलरीत उभी राहून सगळी गल्ली रिकामी होईपर्यंत बघत होती. मग आत येऊन म्हणाली, "मावशी, पुडी घेत होते तेव्हा मी हुशार होते. हसायचे. ते औषधाचं होतं. मग आता ही जी आहे, काही वाटत नाही ती, ही खरी मी आहे का?"

मी भाजी निवडत होते. मेथी होती. मला काहीतरी शास्त्रीय सांगता आलं असतं. पण मी पहिल्यांदाच कुणाला तरी ते सांगितलं: तिची आई गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं, गोळ्या घेत होते तेव्हाही नाही, सोडल्यावरही नाही, आणि इतकी वर्षं मला वाटत आलंय की माझ्यात काहीतरी कमी आहे.

ती माझ्यासमोर खाली बसली. "मग?"

"मग काही नाही. त्या दिवसांत मी लॅबला जात होते. तुला भरवत होते. काही वाटत नसलं तरी करत होते."

तिनं मेथीची एक जुडी आपल्याकडं ओढली. आम्ही बराच वेळ पानं खुडत बसलो. नंतर तिनं आईबद्दल विचारलं. ती कशी हसायची, भाजी कशी करायची, भांडायची का. मी सांगत गेले. मला वाटलं होतं तेवढं मी विसरले नव्हते.

तिनं मेडिकलचा नाद सोडला. पुढच्या वर्षी तिला परभणीला शेतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. दाजी काठी टेकत स्टँडवर आले होते. गाडीत बसायला जागा मिळाली, ट्रंक वर गेली, पंप पर्समध्ये आहे ना हे मी दोनदा विचारलं. तिनं दोनदा हो म्हटलं. मग खिडकीतून हाक आली, "मावशी, ही काच सरकत न्हाई."

मी खाली उभी राहून बाहेरून तळव्यानं जोर लावला, तिनं आतून. काच अडून बसली होती. दाजी म्हणाले, "जरा वर उचलून ढकला, ह्या गाड्यांचं असंच असतं," आणि ते म्हणाले तसं केलं तेव्हा काच खडखडत मागं गेली. तिचं डोकं बाहेर आलं. वारं होतं, केस उडत होते.

"जा आता घरी," ती म्हणाली. "उन्हात उभी राहू नको."

गाडी गेली. दाजी त्यांच्या गाडीकडं वळले. मी फलाटावर थोडा वेळ थांबले, कारण माझ्या हाताला अजून काचेवरची धूळ लागलेली होती आणि नळ कुठं आहे ते दिसत नव्हतं.